अमेरिकेंतील कायद्याचें शिक्षण आणि गुणांचें रूपांतर

विद्यार्थिमित्रहो, वर्षाच्या अखेरीस प्रगतिपुस्तक घरीं येतें तेव्हां त्यावरील आंकडे कायमचे, दगडावर कोरलेले, असें आपण समजतों. बासष्ट म्हणजे बासष्ट, आणि अठ्ठ्याऐंशीं म्हणजे अठ्ठ्याऐंशीं. त्यांत आणखी विचार करण्यासारखें काय असणार, असें आपणांस वाटतें. परंतु गुण म्हणजे शेवटीं एक माप आहे, आणि माप बदललें कीं मोजलेल्या वस्तूचा आंकडाही बदलतो. पायलीनें मोजलेलें धान्य तराजूंत घातलें तर दाणे तेवढेच राहतात, आंकडा मात्र निराळा येतो. आणि मोजणाऱ्यानें खळ्यांत सांडून राहिलेले दाणेही वेंचून आणून मापांत घातले, तर मग हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. या लेखांत अशाच एका मोजणीची हकीकत सांगावयाची आहे.

हा विषय सुचण्यास एक घरगुती कारण घडलें. माझे धाकटे चुलतबंधु पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत राहतात. त्यांची कन्या तेथील एका महाविद्यालयाची पदवीधर आहे. वकील व्हावें, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. महाविद्यालयानें दिलेल्या गुणपत्रकावर तिची चार वर्षांची सरासरी ४ पैकीं ३.६८ अशी छापलेली होती, आणि त्यामुळें घरांत सर्वांस समाधान वाटत होतें. पुढें कायद्याच्या विद्यालयांकडे अर्ज करण्याची वेळ आली. तेव्हां तिच्या हातीं जो दुसरा अहवाल पडला, त्यांत तिची सरासरी ३.४६ अशी मांडलेली होती. मुलगी तीच, महाविद्यालय तेंच, उत्तरपत्रिकाही त्याच. मग हा फरक कोठून आला? त्या रात्रीं तिनें मला दूरध्वनी केला आणि अगदीं रडवेल्या स्वरांत विचारलें, “काका, पहिल्या वर्षीं ज्या विषयांत मी नापास झालें, त्याचा अभ्यास मी पुन्हा केला आणि उत्तम रीतीनें पास झालें. महाविद्यालयानें तो जुना शेरा पुसून टाकला. मग तें शून्य अजून जिवंत कसें?”

तिच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें समजलें, तें आपल्या वाचकांपुढें मांडीत आहें. आपल्यापैकीं कांहींजण पुढेंमागें परदेशीं जातील. कांहींचे आप्तस्वकीय आजच तिकडे आहेत. जे जाणार नाहींत त्यांनाही गुण म्हणजे काय, हें या निमित्तानें अधिक नीट समजेल.

प्रथम तेथील शिक्षणाचा क्रम ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे बारावीनंतर पांच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घेतां येतो, किंवा आधीं कोणत्याही विषयाची पदवी घेऊन मग तीन वर्षें कायदा शिकतां येतो. अमेरिकेंत यांपैकीं दुसराच मार्ग रूढ आहे. विद्यार्थी प्रथम चार वर्षें इतिहास, अर्थशास्त्र, रसायन, संगीत, वाटेल तो विषय घेऊन पदवीधर होतो. त्यानंतर तीन वर्षें कायद्याच्या विद्यालयांत शिकून ‘ज्यूरिस डॉक्टर’ ही पदवी मिळवितो. आपल्या जुन्या पिढीला हा क्रम परका वाटला नसता. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे होते, त्यांनीं बी. ए. व एम्. ए. झाल्यानंतर १८६६ सालीं एल्‌एल्. बी. ची परीक्षा दिली. तात्पर्य, आधीं सामान्य विद्या आणि मग कायदा, हीच तेथील रीत होय. म्हणून कायद्याच्या विद्यालयांस अर्जदाराची पहिलीं चार वर्षें कशीं गेलीं हें पाहावें लागतें.

येथेंच अडचण उपस्थित होते. अमेरिकेंत महाविद्यालयें व विद्यापीठें हजारोंनीं मोजावीं लागतात, आणि गुण कसे द्यावे हें प्रत्येक संस्था आपलें आपण ठरविते. कोठें ए, बी, सी अशीं अक्षरें देतात. कोठें त्या अक्षरांना अधिक-उणें अशीं चिन्हें जोडतात, तर कोठें जोडीत नाहींत. कोठें शंभरांपैकीं आंकडे देतात. कोठें केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेंच लिहितात. आणि कांहीं थोड्या ठिकाणीं तर गुणच न देतां शिक्षक आपला अभिप्राय लिहून देतात. ‘ए अधिक’ या श्रेणीस एक महाविद्यालय ४ गुण देतें, दुसरें ४.३ देतें, आणि तिसऱ्या महाविद्यालयांत ही श्रेणीच नसते.

ही विविधता आजची नव्हे. येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनीं १७८५ सालीं आपल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांचे लॅटिन नांवांचे चार वर्ग पाडले होते: उत्तम, दुसऱ्या प्रतीचे उत्तम, कनिष्ठ आणि त्याहूनही खालचे. पुढें १८९७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील माउंट होल्योक या स्त्रियांच्या महाविद्यालयानें अक्षरांची पद्धति स्वीकारली. गंमत अशी कीं, त्या वर्षीं तेथें नापासाचें अक्षर ‘एफ’ नसून ‘ई’ होतें. असे निरनिराळे झरे निरनिराळ्या दिशांनीं वाहत आले आहेत. त्यांचें पाणी एकाच भांड्यानें कसें मोजावें, हा कायद्याच्या विद्यालयांपुढील प्रश्न होता.

त्यासाठीं या विद्यालयांनीं मिळून १९४७ सालीं एक संस्था निर्माण केली. तिचें नांव ‘लॉ स्कूल अॅडमिशन कौन्सिल’. तिचें कार्यालय पेनसिल्व्हेनिया राज्यांतील न्यूटाऊन या गांवीं आहे. कायद्याच्या शिक्षणासाठीं लागणारी बुद्धीची तयारी तपासणारी एक समान परीक्षा तिनें १९४८ सालीं प्रथम घेतली. ती परीक्षा आजही चालू असून तिचे गुण १२० पासून १८० पर्यंत मोजतात. या परीक्षेबरोबरच अर्जदारांचीं गुणपत्रकें गोळा करून तीं एका मापांत आणण्याचें कामही हीच संस्था करिते. अर्जदारानें ज्या ज्या महाविद्यालयांत पदवीपूर्वीं शिक्षण घेतलें असेल, त्या प्रत्येकाकडून गुणपत्रक परस्पर या संस्थेकडे जावें लागतें. विद्यार्थ्यानें स्वतः नेऊन दिलेली प्रत चालत नाहीं. एका उन्हाळ्यांत एकच विषय शिकलेलें महाविद्यालय असलें तरी त्याचें गुणपत्रक द्यावेंच लागतें. सर्व कागद आले कीं संस्था आपल्या नियमांप्रमाणें नवी सरासरी काढते, आणि अर्जदार ज्या विद्यालयांकडे अर्ज करील त्या सर्वांकडे तोच अहवाल पाठविते.

आतां हें माप कसें आहे तें पाहूं. अक्षरांचे अंक येणेंप्रमाणें धरले जातात:

ए अधिक — ४.३३, ए — ४.००, ए उणें — ३.६७
बी अधिक — ३.३३, बी — ३.००, बी उणें — २.६७
सी अधिक — २.३३, सी — २.००, सी उणें — १.६७
डी अधिक — १.३३, डी — १.००, डी उणें — ०.६७
एफ, म्हणजे नापास — ०

ज्या महाविद्यालयांत शंभरांपैकीं गुण देतात, तेथें ९८ ते १०० यांस ४.३३, ९३ ते ९७ यांस ४.००, ९० ते ९२ यांस ३.६७, ८७ ते ८९ यांस ३.३३, ८३ ते ८६ यांस ३.००, याप्रमाणें पायऱ्या उतरत जातात, आणि ६० च्या खालीं सर्व शून्य. यावरून दोन गोष्टी लक्षांत येतील. एक अशी कीं, ९३ मिळविणारा आणि ९७ मिळविणारा हे दोघे येथें अगदीं सारखे ठरतात. परंतु ९२ आणि ९३ यांच्यामध्यें एका गुणाचें अंतर असूनही त्यांत एक पायरी पडते. दुसरी अशी कीं, ४ हा आंकडा येथें शिखर नव्हे. ज्या महाविद्यालयांत ‘ए अधिक’ देतात, तेथील विद्यार्थ्याची सरासरी ४ च्याही वर जाऊं शकते. जेथें ती श्रेणीच नाहीं, तेथील अत्यंत हुशार विद्यार्थीही ४ वरच थांबतो. माप एक असलें तरी मोजावयाच्या वस्तु सर्वत्र एकसारख्या नसतात, हें यांतून दिसून येतें.

सरासरी काढतांना सर्व विषय सारखे धरीत नाहींत. प्रत्येक विषयाला त्याच्या तासिकांप्रमाणें वजन असतें, त्यास तिकडे ‘क्रेडिट’ म्हणतात. एका लहानशा उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थ्यास ४ क्रेडिटांच्या इतिहासांत ए, ४ क्रेडिटांच्या अर्थशास्त्रांत बी, आणि २ क्रेडिटांच्या चित्रकलेंत सी मिळाला. तर इतिहासाचे ४ गुणिले ४ म्हणजे १६, अर्थशास्त्राचे ४ गुणिले ३ म्हणजे १२, आणि चित्रकलेचे २ गुणिले २ म्हणजे ४, एकूण ३२. त्यास १० क्रेडिटांनीं भागिलें असतां ३.२० ही सरासरी येते. तीन श्रेणींची नुसती सरासरी घेतली असती तर ३ आली असती. शिवाय सर्व महाविद्यालयांचें क्रेडिटही एकसारखें नसतें. कांहीं ठिकाणीं वर्षाचीं दोन सत्रें करितात, तर कांहीं ठिकाणीं तिमाही पद्धति आहे. तिमाहीचीं क्रेडिटें दोन-तृतीयांश धरून सत्राच्या मापांत आणतात, म्हणजे ४५ चीं ३० होतात.

येथपर्यंतचा भाग केवळ अंकगणिताचा झाला. खरी गुंतागुंत पुढेंच आहे, आणि ती म्हणजे कोणते गुण धरावयाचे आणि कोणते सोडावयाचे, ही होय.

पहिला नियम असा कीं, पहिली पदवी मिळेपर्यंत महाविद्यालयीन दर्जाचें जें जें शिक्षण झालें तें सर्व धरलें जातें. दुसऱ्या महाविद्यालयांत घेतलेले विषय, उन्हाळ्याच्या सुटींत घेतलेले विषय, इतकेंच नव्हे तर माध्यमिक शाळेंत असतांनाच जवळच्या महाविद्यालयांत जाऊन घेतलेले विषयही त्यांत येतात. तिकडे शाळेंतील पुष्कळ हुशार मुलें असे विषय घेतात. सोळा-सतरा वर्षांच्या वयांत मिळालेली श्रेणी पुढें पांचसहा वर्षांनीं आपणांस शोधीत येईल, ही कल्पना फारच थोड्यांना असते.

दुसरा नियम पुनः घेतलेल्या विषयांचा. पुष्कळ महाविद्यालयें विद्यार्थ्यास नापास झालेला विषय पुन्हा शिकण्याची संधि देतात आणि नवी श्रेणी धरून जुनी सोडून देतात. परंतु जुन्या विषयाचीं क्रेडिटें आणि श्रेणी गुणपत्रकावर कोठेंही दिसत असतील, तर ही संस्था जुनी व नवी अशा दोन्ही श्रेणी हिशेबांत घेते. जुन्या ओळीवर रेघ मारलेली असली तरी ती ओळ मोजली जाते.

तिसरा नियम उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पद्धतीचा. नुसतें ‘उत्तीर्ण’ असें लिहिलेलें असेल तर त्याला अंक नाहीं, म्हणून तो विषय सरासरींत येत नाहीं. परंतु त्याच पद्धतींत ‘अनुत्तीर्ण’ झाल्यास तें शून्य म्हणून धरलें जातें. २०२० सालीं महामारीच्या पहिल्या महिन्यांत अनेक महाविद्यालयांनीं नुसता ‘उत्तीर्ण’ शेरा देण्याची सोय केली होती. तसे शेरे सरासरीला चढवीतही नाहींत आणि उतरवीतही नाहींत. चौथा नियम मध्येंच सोडलेल्या विषयांचा. मुदतींत, रीतसर परवानगीनें विषय सोडला असेल तर तो मोजीत नाहींत. परंतु सोडल्याबद्दल दंड म्हणून महाविद्यालयानें नापासाचा शेरा दिला असेल, तर तो मोजतात.

पांचवा नियम सर्वांत कडक आहे. पहिली पदवी ज्या दिवशीं मिळाली, त्या दिवशीं हा हिशेब बंद होतो. त्यानंतर कोणी कितीही विषय शिको, एम्. ए. होवो, डॉक्टर होवो, त्या गुणांचा या सरासरीशीं कांहीं संबंध राहत नाहीं. विद्यालयें ते गुण पाहतात, त्यांचा मानही राखतात; पण मूळ आंकडा बदलत नाहीं.

या नियमांच्या प्रकाशांत माझ्या पुतणीचें गुणपत्रक आम्ही दोघांनीं पुन्हा मांडून पाहिलें. तिच्या पदवीचीं क्रेडिटें १२०. त्यांपैकीं ९ क्रेडिटांत ए अधिक, ४५ क्रेडिटांत ए, ३० क्रेडिटांत ए उणें, २१ क्रेडिटांत बी अधिक आणि १५ क्रेडिटांत बी. तिच्या महाविद्यालयांत ए अधिक व ए या दोहोंस ४, ए उणें यास ३.७ आणि बी अधिक यास ३.३ असे अंक होते. त्या रीतीनें एकूण ४४१.३, आणि सरासरी ३.६८. नव्या मापानें तेच विषय मोजले तेव्हां बेरीज बरोबर ४४४ आली, म्हणजे सरासरी ३.७० झाली. येथपर्यंत तिचा तोटा न होतां थोडा लाभच झाला होता.

परंतु आतां सांडलेले दाणे वेंचावे लागले. पहिल्या वर्षीं रसायनांत ती नापास झाली होती, आणि गणितांत तिला डी मिळाला होता; दोन्ही विषय प्रत्येकीं ४ क्रेडिटांचे. पुढें तिनें दोन्ही विषय पुन्हा घेऊन रसायनांत ए आणि गणितांत बी अधिक मिळविला, आणि ते नवे गुण वरच्या १२० क्रेडिटांत आलेलेच आहेत. जुनीं ८ क्रेडिटें हिशेबांत येतांच बेरजेंत केवळ ४ ची भर पडली, भागाकार मात्र १२८ नें करावा लागला, सरासरी ३.५० वर आली. शेवटीं शाळेंत असतांना जवळच्या महाविद्यालयांत घेतलेले दोन विषय निघाले, ६ क्रेडिटांचे, दोहोंत बी उणें. त्यांचे १६.०२ मिळविले तेव्हां एकूण ४६४.०२ झाले, क्रेडिटें १३४, आणि सरासरी ३.४६. अहवालांत चूक नव्हती. त्या रात्रीं हिशेब जुळला, पण मुलीचें समाधान झालें नाहीं.

वाचक विचारतील कीं, पांवशेरानें वजन कमी भरलें तर एवढें दुःख कशाला? त्याचें कारण असें. अमेरिकन बार असोसिएशन या संस्थेनें मान्य केलेलीं सुमारें दोनशें कायद्याचीं विद्यालयें आहेत, आणि त्या प्रत्येकास आपल्या नव्या विद्यार्थ्यांचे आंकडे दरवर्षीं जाहीर करावे लागतात. त्यांत मध्यांक हा प्रमुख होय. शाळेच्या पटांगणांत मुलें उंचीप्रमाणें ओळींत उभीं केलीं असतां बरोबर मधें जें मूल येईल, त्याची उंची म्हणजे त्या वर्गाचा मध्यांक. लोक विद्यालयांची तुलना करतांना हे मध्यांक पाहतात, म्हणून विद्यालयेंही ते जपतात. समजा एखाद्या विद्यालयाचा मध्यांक ३.६० आहे. ३.६८ ची मुलगी त्या रेघेच्या वरच्या बाजूस उभी राहते आणि ३.४६ ची मुलगी खालच्या बाजूस. बहुतेक ठिकाणीं शिष्यवृत्तीचा विचारही याच आंकड्यांच्या आधारें होतो. लहानसा दशांश अशा रीतीनें घराच्या अर्थव्यवस्थेपर्यंत पोंचतो.

तिचे वडील मला म्हणाले, “दादा, हा अन्याय नाहीं का? ज्या वर्षीं ती नापास झाली त्या वर्षीं तिची आई आजारी होती. पोर रोज रुग्णालयांत बसून अभ्यास करी.” मला त्यांचें दुःख कळत होतें. तरी मीं त्यांस सांगितलें कीं, दुसरी बाजूही पाहावी. एक महाविद्यालय जुना शेरा पुसतें आणि दुसरें पुसत नाहीं. मग ज्या महाविद्यालयानें पुसला नाहीं तेथील मुलानें काय अपराध केला? सर्वांचे सर्व गुण धरले तरच दोघांना एक न्याय मिळतो. जो मनुष्य न्यायाची विद्या शिकावयास निघाला आहे, त्यास मापाची ही समता प्रथम मान्य करावी लागते. परंतु समता म्हणजे सर्व सत्य नव्हे, हेंही तितकेंच खरें. आईच्या खाटेजवळ बसून दिलेली परीक्षा आणि निश्चिंतपणें दिलेली परीक्षा यांतील फरक कोणत्याही आंकड्यास दाखवितां येत नाहीं.

तो फरक दाखविण्यासाठीं दुसरी वाट ठेविलेली आहे. अहवालांत एकच आंकडा नसून वर्षवार सरासरीही दिलेली असते. पहिलें वर्ष पडलें आणि पुढचीं वर्षें चढत गेलीं, हें वाचणाऱ्यास दिसतें. त्याच महाविद्यालयांतून अर्ज करणाऱ्या इतरांच्या मानानें अर्जदार कोठें उभा आहे हेंही त्यांत दिलेलें असतें, त्यामुळें जेथें गुण सढळ हातानें देतात आणि जेथें हात आंखडून देतात, त्यांचा भेद कांहीं अंशीं कळतो. शिवाय अर्जदारास एक लहानसें खुलासापत्र जोडतां येतें. तें कसें असावें यासंबंधीं जाणते लोक एकच गोष्ट सांगतात: थोडक्यांत लिहावें, घडलें तें सांगावें, रडगाणें गाऊं नये आणि दुसऱ्यास दोष देऊं नये. पुतणीनें प्रथम तीन पानें लिहिलीं होतीं. तीं खोडून तिनें नऊ ओळींचें पत्र केलें. आई कोणत्या महिन्यांत आजारी पडली, कोणते विषय त्यांत गेले, ते तिनें केव्हां पुन्हा घेतले आणि त्यांत काय मिळालें, एवढेंच.

आतां आपल्या येथील पदवीधरांचें काय, असा प्रश्न स्वाभाविकच येईल. वर दिलेला कोठा जर मुंबई किंवा पुणें विद्यापीठाच्या गुणपत्रकास लावला, तर मोठा अनर्थ होईल. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग अशी परंपरा आहे. ६२ टक्के मिळविणाऱ्या मुलाच्या घरीं पेढे वांटतात. त्या कोठ्याप्रमाणें मात्र ६२ म्हणजे डी उणें, अर्थात् ०.६७. सुदैवानें असें करीत नाहींत. अमेरिका व कॅनडा यांच्या बाहेर झालेल्या शिक्षणाची तपासणी परदेशीं शिक्षणपद्धति जाणणाऱ्या तज्ज्ञांकडून होते, आणि त्यास अंक न देतां चार शब्दांपैकीं एक शब्द देतात: श्रेष्ठ, सरासरीहून वरचा, सरासरी, किंवा सरासरीहून खालचा. दोनशें वर्षांपूर्वीं येलच्या अध्यक्षांनीं चार वर्ग पाडले होते, त्याची येथें आठवण होते. आंकड्यांचा एवढा पसारा मांडूनही, जेथें मापच जुळत नाहीं तेथें शहाण्या माणसांस पुन्हा शब्दांकडेच वळावें लागलें, हें मला मोठें बोधप्रद वाटतें.

आपल्या विद्यार्थ्यानें यासाठीं काय करावें? गुणपत्रकें विद्यापीठाकडून परस्पर त्या संस्थेकडे जावीं लागतात, म्हणून हें काम महिनोन्‌महिने आधीं सुरू करावें; आपल्या कार्यालयांतील कागद किती वेगानें हलतो हें पालकांस सांगावयास नको. प्रत्येक वर्षाचें गुणपत्रक जपून ठेवावें. सर्व गुणपत्रकांवर नांव एकाच रीतीनें लिहिलेलें आहे कीं नाहीं हें पाहावें. एका कागदावर वडिलांचें नांव मधें, दुसऱ्यावर आडनांव आधीं, असा घोळ आपल्याकडे नेहमीं होतो. आणि अहवाल हातीं आल्यावर तो मूळ गुणपत्रकांशीं ओळीनें ताडून पाहावा. चूक दिसल्यास ताबडतोब लिहून कळवावी.

माझ्या पुतणीची गोष्ट अपुरी ठेवणें बरें नव्हे. ज्या विद्यालयाचें तिनें स्वप्न पाहिलें होतें, त्यानें तिला नकार दिला. दुसऱ्या एका विद्यालयानें तिला घेतलें, आणि थोडी शिष्यवृत्तीही दिली. ती आतां पहिल्या वर्षांत आहे. परवां बोलतांना ती म्हणाली, “काका, आमच्या वर्गांत आतां माझा आंकडा कोणी विचारीत नाहीं. पण माझ्या धाकट्या भावाला मीं सांगून ठेविलें आहे कीं, महाविद्यालयाचा विषय शाळेंत असतांना घ्यावयाचा असेल तर तो हौसेखातर घेऊं नकोस, झेपेल तरच घे. आणि एखादा विषय हातांतून जातो असें दिसलें, तर मुदतीच्या आधीं शिक्षकांना जाऊन भेट. मी भेटलें नाहीं. मला लाज वाटली.”

मित्रहो, तिच्या या शेवटच्या वाक्यासाठींच मीं हा लेख लिहिला आहे. त्या वर्षीं तिनें एखाद्या शिक्षकाचें दार ठोठावलें असतें, तर रीतसर विषय सोडण्याची परवानगी तिला मिळण्यासारखी होती. आणि तसें झालें असतें तर तें शून्य व तो डी जन्मासच आले नसते. नियमांत तिच्यासाठीं वाट होती, पण ती वाट विचारल्याशिवाय दिसत नव्हती. आपल्या शाळेंतही असेंच असतें. घरीं आजारपण असेल, फीची अडचण असेल, एखादा विषय मुळींच समजत नसेल, तर तो निकाल लागण्याच्या आधीं सांगावा. निकाल लागल्यानंतर जें सांगितलें जातें त्यास खुलासा म्हणतात. आधीं जें सांगितलें जातें त्यास मदत मागणें म्हणतात. दोहोंपैकीं दुसरें सोपें आहे.

आणि पालकांस एक विनंती. मुलानें आणलेला आंकडा पाहण्यापूर्वीं तो कोणत्या मापानें मोजलेला आहे, हें एकदां विचारावें. ३.६८ आणि ३.४६ हीं एकाच मुलीचीं दोन मोजमापें होतीं, आणि रुग्णालयाच्या बांकावर बसून रसायनाचें पुस्तक वाचणारी ती मुलगी त्या दोहोंतही पुरती सामावलेली नव्हती.